रॅम्बो, बर्मा आणि पडद्यावरचे मुके कारेन

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत वय झालेल्या नायकांच्या पुनरागमनाविषयी जो लेख आला, त्यात सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांच्या २००८ सालच्या ‘रॅम्बो’ची वासलात दोन वाक्यांत लावली आहे. उतारवयातल्या नटाने जुने नाणे पुन्हा चालवण्यासाठी रक्ताचे पाट वाहवले आणि ही मालिका मुळापासूनच तशी होती, असा त्या वाक्यांचा मथितार्थ आहे. त्यातले दुसरे विधान सपशेल चुकीचे आहे आणि पहिले अर्धेच बरोबर असल्यामुळे जास्त फसवे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळापासूनचे आधी पाहू. डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ च्या कादंबरीवर आधारलेला ‘फर्स्ट ब्लड’ हा चित्रपट १९८२ साली आला. व्हिएतनामहून परतलेला जॉन रॅम्बो आपल्या पलटणीतल्या एका सोबत्याचे घर शोधत येतो, तेव्हा तो कर्करोगाने गेल्याचे त्याला कळते. तिथून पुढे होप नावाच्या गावात शिरताच तिथला पोलीस प्रमुख केवळ अवतार पाहून त्याला गावाबाहेर काढू लागतो. नंतरच्या सगळ्या धुमश्चक्रीत पडद्यावर थेट असा मृत्यू एकच होतो, तोही हेलिकॉप्टरमधून खाली कोसळणाऱ्या पोलिसाचा. शेवटी हा पोलादी माणूस आपल्या जुन्या कर्नलसमोर बसून लहान मुलासारखा हुंदके देतो आणि स्फोटात मेलेल्या मित्राच्या शरीराचे तुकडे आपल्या अंगावर कसे उडाले होते ते अडखळत सांगतो. कादंबरीत तर तो शेवटी मरतोच. युद्धाने माणसाचे काय करून ठेवले, हा त्या कथेचा विषय होता.

हा विषय हरवला तो १९८५ मध्ये. दुसऱ्या भागात त्याच माणसाला पुन्हा व्हिएतनामला पाठवून हरलेले युद्ध पडद्यावर जिंकून घेण्यात आले. त्याच वर्षी लेबनॉनमधले ओलीस सुटल्यावर अध्यक्ष रेगन यांनी, आपण ‘रॅम्बो’ पाहिला असून पुढच्या वेळी काय करायचे ते आता ठाऊक झाले आहे, असा विनोद केला, यावरून हा आजारी सैनिक राष्ट्रीय ध्वजाच्या काठीला कसा बांधला गेला ते कळावे. आमच्यासारख्यांनी तो व्हिडिओ पार्लरच्या सतरंजीवर बसून पाहिला आणि कपाळाला फडके बांधून गल्लीत मिरवलो, हेही प्रांजळपणे सांगून टाकतो. तिसरा भाग अफगाणिस्तानात घडतो. तो मे १९८८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा सोव्हिएत फौजांची माघार सुरू होऊन दहा दिवस उलटले होते. नायक पोहोचेपर्यंत लढाई आवरायला लागली होती.

त्यानंतर वीस वर्षांनी चौथा भाग आला. दिग्दर्शन स्टॅलोन यांनी स्वतः केले आणि तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. वय झालेला नट तरुणपणाची नक्कल करतो तेव्हा कीव येते. इथे तसे होत नाही, हे मान्य करायला हवे. मिरवलेली उघडी छाती नाही, तेल लावलेले दंड नाहीत. थायलंडमध्ये साप पकडून आणि होडी चालवून पोट भरणारा, जाडजूड मानेचा, तुटक बोलणारा आणि जगाविषयीची सगळी आशा आटलेला एक माणूस आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोहून आलेले मिशनरी त्याला साल्वीन नदीतून बर्मात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, सोडायला सांगतात, तेव्हा तो विचारतो की तुम्ही शस्त्रे नेत आहात का, आणि नाही म्हटल्यावर सांगतो की मग काहीही बदलणार नाही. या थकव्यात वयाचा खरा उपयोग झाला आहे.

आता रक्तपाताविषयी. मारले गेलेले लोक मोजणाऱ्या अभ्यासकांनी या भागात दोनशेच्या वर बळी मोजले आहेत, तेव्हा आपल्या लेखकांची शिसारी मी समजू शकतो. परंतु या चित्रपटात दोन वेगवेगळ्या हिंसा आहेत आणि त्यांची एकत्र मोट बांधल्यामुळे लेखाचा रोख चुकला आहे. पहिली हिंसा बर्माच्या लष्कराची. भातखाचरात भूसुरुंग टाकून कारेन या अल्पसंख्य जमातीच्या गावकऱ्यांना त्यातून पळायला लावणे आणि कोण वाचेल यावर सैनिकांनी पैजा लावणे, वस्ती जाळणे, मुलाबाळांवर गोळ्या झाडणे ही दृश्ये पाहताना प्रेक्षागृहात कुणी शिट्टी मारत नाही. चित्रपटाची सुरुवातही बर्मातल्या प्रत्यक्ष बातम्यांच्या दृश्यांनी होते. तो जानेवारी २००८ मध्ये झळकला, तेव्हा लष्करी राजवटीविरुद्ध रंगूनच्या रस्त्यांवर उतरलेल्या भगव्या वस्त्रांतल्या भिक्षूंची छायाचित्रे जेमतेम चार महिन्यांपूर्वीची होती. गोळी लागलेला माणूस बाहुलीसारखा कोलमडत नाही, त्याचे शरीर फाटते, हे दाखवायचे टाळले असते तर तो चित्रपट अधिक सभ्य झाला असता, पण अधिक खोटाही झाला असता.

दुसरी हिंसा शेवटच्या दहा-बारा मिनिटांतली आहे. लष्कराने पकडलेल्या मिशनऱ्यांना सोडवायला आलेला रॅम्बो जीपवरच्या मशीनगनचा ताबा घेतो आणि समोरच्या सैनिकांच्या चिंधड्या उडवत राहतो. शरीरे तशीच फाटतात, कॅमेरा तितकाच जवळ असतो. फरक इतकाच की आता प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ज्या दृश्याने तासाभरापूर्वी पोटात कालवले, तेच आता सुटकेचा निःश्वास म्हणून वाढले जाते, आणि पहिले दृश्य दुसऱ्याची भूक वाढवण्यासाठीच रचले होते की काय अशी शंका येते. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या मिशनऱ्याच्या हाती शेवटी दगड देऊन त्याच्याकडून एका सैनिकाला ठेचून घेतले आहे. एवढा मोठा प्रश्न उभा करून त्याचा निकाल एका दगडाने लावणे ही मला मशीनगनपेक्षाही जास्त आक्षेपार्ह गोष्ट वाटते.

पण माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. ज्या कारेन लोकांवर हा अत्याचार होतो, ते या चित्रपटात पळतात, रडतात, मरतात आणि अखेरीस बंदुका घेऊन मदतीला धावतात; बोलत मात्र जवळजवळ कुणीच नाही. कारेन बंडखोरांचा लढा जानेवारी १९४९ पासूनचा आहे, म्हणजे रॅम्बोच्या सगळ्या युद्धांपेक्षा जुना. त्यांच्यातले पुष्कळ लोक बौद्ध आहेत, आणि जे ख्रिस्ती आहेत त्यांच्याकडे अमेरिकी बाप्टिस्ट मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पोहोचले होते, त्या शतकातच कारेन भाषेत बायबलही आले होते. पिढ्यान्पिढ्यांची चर्चे आणि स्वतःचे धर्मोपदेशक असलेल्या या समाजाला औषधे आणि प्रार्थनापुस्तके द्यायला कोलोरॅडोची गोरी मंडळी येतात, आणि मग त्या मंडळींना सोडवणे हीच कथा होऊन बसते. गावकरी मेले तर ती पार्श्वभूमी ठरते आणि मिशनरी पकडले गेले तर चित्रपट सुरू होतो.

आम्हा रत्नागिरीकरांना हे जरा अधिक खुपते. बर्माचा शेवटचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत आमच्या गावात नजरकैदेत होता, त्याचा राजवाडा आजही उभा आहे. आणि मंडालेचा तुरुंग ‘गीतारहस्या’मुळे मराठी माणसाला घरातल्यासारखा माहीत आहे. इतका जुना संबंध असूनही कारेन हे नाव आमच्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकले ते स्टॅलोनमुळेच. ही आमची नामुष्की आहे, चित्रपटाची नव्हे, आणि म्हणून त्याला झोडपताना माझा हात थोडा आखडतो.

तो आणखी आखडतो एका गोष्टीमुळे. बर्माच्या लष्करी राजवटीने या चित्रपटावर बंदी घातली, तरी त्याच्या चोरट्या डिस्क तिथे हातोहात फिरल्या, आणि निरर्थक जगण्यापेक्षा कशासाठी तरी मरा, या अर्थाचे रॅम्बोचे वाक्य कारेन लढवय्यांनी उचलल्याच्या बातम्या आल्या. ज्यांची गावे खरोखर जळत होती त्यांना या चित्रपटात काही तरी आपले सापडले असेल, तर आरामखुर्चीत बसून त्यांची अभिरुची सुधारण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्याच वेळच्या वृत्तांतांत आणखी एक गोष्ट होती. क्रूर बर्मी मेजरची भूमिका करणारे माँग माँग खिन हे स्वतः कारेनांच्या बाजूने लढलेले होते, आणि भूमिका स्वीकारली तर मायदेशातल्या नातेवाइकांना तुरुंगात टाकले जाईल ही भीती असूनही त्यांनी ती स्वीकारली. म्हणजे ज्याच्यापाशी सांगण्याजोगी खरी हकीकत होती असा माणूस चित्रीकरणाच्या जागी हजर होता, आणि त्याच्या वाट्याला मोजके शब्द असलेला खलनायक आला.

लेखात मॉरेल यांचाही उल्लेख हवा होता. चौथ्या भागात आपल्या कादंबरीचा सूर प्रथमच सापडला, म्हणून त्यांनी त्याचे बऱ्यापैकी स्वागत केले. २०१९ च्या पाचव्या भागाशी आपले नाव जोडले जाण्याची मात्र लाज वाटते, असे त्यांनी उघडपणे सांगितले. चौथ्या भागाच्या अखेरीस रॅम्बो खांद्यावर पिशवी टाकून ॲरिझोनातल्या वडिलांच्या शेताकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने चालू लागतो, टपालपेटीवर ‘आर. रॅम्बो’ असे लिहिलेले असते आणि कॅमेरा त्याच्या मागे न जाता तिथेच थांबतो. मालिका तिथेच संपवायला हवी होती. त्या शेतावर पुन्हा कॅमेरा नेऊन अकरा वर्षांनी जे केले, त्याला लेखातली ती दोन्ही वाक्ये तंतोतंत लागू पडतात. तेव्हा ती तशीच राहू द्यावीत, फक्त चित्रपटाचे साल २००८ ऐवजी २०१९ करावे आणि ‘मुळापासूनच’ हा शब्द काढून टाकावा, एवढी दुरुस्ती आपण पुढील पुरवणीत छापावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी