अण्णा, सगळं तात्यासाहेबांबरोबर गेलेलं नाही

युट्रेख्त, नेदरलँड्स, रविवार

तीर्थरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

अण्णा, मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही जे बोललात ते अजून डोक्यातून जात नाहीये. "मराठीत आता वाचण्यासारखं बघण्यासारखं काही होत नाही, सगळं तात्यासाहेबांबरोबर गेलं." मी काही बोलणार तेवढ्यात तुम्ही फोन आईकडे दिला आणि विषय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर गेला. म्हणून आता सरळ लिहूनच पाठवतेय, नीट बसून वाचा आणि मग काय ते बोला.

तात्यासाहेबांबद्दल, आपल्या कुसुमाग्रजांबद्दल, माझा वाद नाहीचे. नाशिकमध्ये वाढलेल्या कुणाचा असेल? तुम्हीच मला कालिदास नाट्यगृहात नेऊन पहिलं नाटक दाखवलंत, सावानाचं, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचं, कार्डही तुम्हीच काढून दिलंत. पण तात्यासाहेब जाऊन पाव शतक होऊन गेलं, १९९९ ची गोष्ट ती, आणि तेवढ्या वर्षांत लिहिणारी, गाणारी, कॅमेरा धरणारी एक अख्खी पिढी आली, ती तुम्ही बघितलीच नाहीये. बघून नावं ठेवा, मी ऐकून घेईन, पण न बघता नको.

गेल्या तीन-चार वर्षांत मी इथे बसून जे जे मिळेल ते मराठी बघितलं, वाचलं, ऐकलं. काही ओटीटीवर, काही ताईने पार्सल केलेलं, काही सुट्टीत तिकडे आल्यावर. आणि मला जे मनापासून आवडलं त्या सगळ्यात एक गोष्ट सारखी सापडली. त्यातली माणसं पोटासाठी काय करतात ते दिसतं. नुसतं एका वाक्यात सांगून सोडलेलं नसतं, दिसतं, आणि त्या कामाच्या आधारानेच सगळी गोष्ट उभी राहते. ज्या गोष्टीत माणूस खातो कशावर ते कळत नाही ती मला आता रडवूही शकत नाही. तुम्हाला पण हे पटेल असं वाटतं, आयुष्यभर प्रेसमध्ये नोटांचे कागद तपासलेत, बारीकसं काही खोटं असलं की तुम्हाला लगेच खटकतं.

आता गोदावरी पिक्चरचंच घ्या. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा तुम्ही म्हणालात आपलीच गंगा तिकीट काढून काय बघायची. अहो पण ती बघायचीच आहे, कारण आपण रोज बघतो तशी ती कुणी दाखवलीच नव्हती आजपर्यंत! हिंदीवाले येतात, रामकुंडावर दोन दिवे सोडतात आणि जातात. यात जितेंद्र जोशीचा निशिकांत आहे, तो घराण्याच्या जुन्या जागांचं भाडं गोळा करत फिरतो, बस एवढंच त्याचं काम, आणि त्या कामाचा आणि नदीचा आणि घरच्यांचा, सगळ्यांचाच त्याला राग आहे. घर सोडून नदीजवळच वेगळा राहतो आणि नदीवरच चिडतो. मग त्याला आजारपण कळतं. पुढचं सांगत नाही. पण भाडं मागायला दारात उभा राहणारा माणूस आणि आतून 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणणारा माणूस यांच्यातलं जे अवघडलेपण आहे ना, ते जुन्या नाशकात राहिलेल्यालाच कळेल, त्या वाड्यांच्या जिन्यांसकट. विक्रम गोखले त्यात एकेक गोष्ट विसरत चाललेले आजोबा झालेत, पिक्चर लागला आणि पंधरा दिवसांनी गोखले गेले, तेव्हा तुम्ही दिवसभर बोलला नव्हतात हे आईने सांगितलेलं मला. मग निदान त्यांच्यासाठी तरी बघा. निखिल महाजनला या पिक्चरसाठी दिग्दर्शनाचं नॅशनल अवॉर्ड मिळालं आणि जितेंद्र जोशीला गोव्याच्या इफ्फी फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट ॲक्टरचं, म्हणजे मी एकटीच गावची म्हणून कौतुक करतेय असं नाही. आणि हा पिक्चर लिहिणाऱ्यांत आपल्या नाशिकचा प्राजक्त देशमुख आहे.

त्याच प्राजक्तचं नाटक देवबाभळी. आई, हे तुझ्यासाठी. तुकोबांची आवली डोंगरावर नवऱ्याला भाकरी घेऊन निघते, पायात काटा मोडतो, तो काटा विठ्ठल काढतो आणि तिची काळजी घ्यायला म्हणून रखुमाई लखुबाई होऊन तिच्या घरी येते. दोनच बायका स्टेजवर आणि अभंग. संत पिक्चरांतल्या आवल्या कशा नुसत्या कडकड करणाऱ्या असायच्या, तशी ही नाहीये. ही घर चालवते. पोटुशी आहे, पाय दुखावलाय, घरात दाणा नाही आणि नवरा विठ्ठल विठ्ठल करत डोंगरावर बसलाय, मग ती त्या काळ्याला शिव्या घालेल नाहीतर काय करेल! आणि त्या शिव्या कुणापुढे, तर त्याच्याच बायकोपुढे. मला वाटतं गेल्या कितीतरी वर्षांत मराठीत एवढं चांगलं नाटक झालं नाही, आणि यात संगीत आहे म्हणून अण्णांना पण आवडेल. प्रयोग लागला की ताईला तिकिटं काढायला सांगते, रिक्षाने जा दोघं, बसच्या नादी लागू नका.

मोठ्या खर्चाच्या पिक्चरांबद्दल थोडक्यात सांगते. संगीत मानापमानवरून केलेला पिक्चर २०२५ च्या सुरुवातीला आला, शंकर-एहसान-लॉयची गाणी, महाल, घोडे, सगळं दिपवणारं, पण दुसऱ्या दिवशी काही आठवेना. ऐतिहासिक पिक्चरांची लाट तर थांबतच नाही. त्यातलं मला काय खुपतं सांगू का, किल्ल्यावर सगळे कायम तलवार उपसूनच उभे. दाणागोटा कोण आणतं, घोडे खातात काय, काही नाही. आणि खुद्द महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र तुम्हीच मला शाळेत असताना वाचून दाखवलं होतंत, त्यात काय आहे? गवत आणि दाणा पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नका, रात्री दिवा ठेवलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सगळी पागा बुडेल. एवढा मोठा राजा उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो! हे ज्या दिवशी कुणी पडद्यावर आणेल त्या दिवशी मी पहिल्या शोला जाईन.

बरं आता स्थळ. जयंत सोमलकरचा पिक्चर, टोरांटोच्या फिल्म फेस्टिव्हलला २०२३ मध्ये बक्षीस मिळालं आणि आपल्याकडे २०२५ च्या मार्चमध्ये लागला. चंद्रपूरकडचं गाव, नट कुणी नाही, गावातलीच माणसं. सविताला शिकायचंय, परीक्षा द्यायचीय आणि तिला बघायला एकामागून एक पाहुणे येतायत, तेच स्टूल, तेच पोहे, उंची किती, शिक्षण काय, प्रत्येक वेळी पहिल्यापासून. बघताना दम कोंडतो. पण मला सगळ्यात जास्त लागला तो कापूस. बापाचा कापूस घरात पडून आहे, भाव येत नाही, भाव आला तर लग्न, म्हणजे पोरीचं पुढे काय होणार ते त्या भावावर. मी माझ्या इथल्या एका मैत्रिणीला दाखवला, सबटायटल लावून, ती फ्रीजलंडकडची, घरी गायी आहेत त्यांच्या. मला वाटलं बघायच्या कार्यक्रमाबद्दल विचारेल, सगळे तेच विचारतात. तिने आधी विचारलं की कापूस मग शेवटी कितीला गेला. दुधाचा भाव पडला की त्यांच्या घरात काय व्हायचं ते सांगत बसली मग रात्री उशिरापर्यंत. आपल्या सिन्नर-निफाडकडे कांद्याचं असंच नाही का, मामाचं घर आठवलं मला, भाव पडला की मामी कुणाशी बोलायची नाही.

सबर बोंडं मी ताईबरोबर थिएटरला बघितला, गेल्या सप्टेंबरमध्ये आले होते तेव्हा. ताईने तुम्हाला विषय काय ते सांगितलं नसेल, मी सांगते. रोहन कानवडेचा पिक्चर आहे, अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला गेलेला पहिला मराठी पिक्चर आणि तिथे जगभरच्या पिक्चरांत ग्रँड ज्युरीचं बक्षीस घेऊन आला, २०२५ च्या जानेवारीत. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकाला गावी येतो, तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, आणि त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. दोन पुरुषांचं. भाषण नाही, आरडाओरडा नाही, मागे म्युझिकसुद्धा नाही, नुसते गावातले आवाज. नातेवाईक सुतकात पण 'लग्न कधी' विचारायचं सोडत नाहीत. आणि आनंदची आई, तिला सगळं माहितीये आणि ती त्याच्या बाजूने उभी आहे, अगदी साधेपणाने, मोठं काही करतेय असं न दाखवता. आई, मला तुझी फार आठवण आली तिला बघून. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ताई म्हणाली आईला दाखवू, अण्णांचं माहीत नाही. मला वाटतं अण्णांना पण दाखवू. कारण अण्णा, आजोबा गेले तेव्हा त्या दहा दिवसांत तुम्ही कसे बसून होतात ते मी बघितलंय, तुमच्या कुणी जवळ येऊन नुसतं बसलं असतं तर तुम्हाला हवं होतं. पिक्चर त्याचाच आहे.

पुस्तकांचं आता. सावानात जाल तेव्हा दोन पुस्तकं विचारा. एक कृष्णात खोतांचं रिंगाण, २०२३ चा साहित्य अकादमी. धरणात गाव गेलं, माणसं उठवून दुसरीकडे नेली, जनावरं मागे राहिली, आणि एक माणूस त्या रानात मागे राहिलेल्या म्हशीला आणायला जातो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. भाषा कोल्हापूरकडची, घट्ट, पहिली वीस-तीस पानं जड जातील, सोडू नका, मग एकदा पकड बसली की तुम्हीच त्या रानात. म्हैस आता कुणाची राहिलेली नाही हे जेव्हा कळायला लागतं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून खिडकीत जाऊन उभी राहिले. आपण इतकी वर्षं गंगापूर धरणाचं पाणी प्यायलो, उन्हाळ्यात किती टक्के उरलं ते पेपरात वाचत आलो, पण त्या पाण्याखाली कुणाची शिवारं गेली हे आपल्या घरात कधी निघालंच नाही. पुस्तक वाचल्यावर हे सारखं मनात येतं.

गाण्यांचं सांगून टाकते, आई तुला गुलाबी साडी आवडतं हे मला माहितीये आणि अण्णा त्यावर तोंड वाकडं करतात हे पण. ते गाणं २०२४ चं, संजू राठोड आपल्या शेजारच्या जळगावचा, स्वतः लिहितो, स्वतः गातो. मला ते चांगलंच वाटतं, बोलल्यासारखी चाल आहे, ओढूनताणून काही बसवलेलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पोरं त्यावर नाचतात, ज्यांना मराठी नीट बोलता पण येत नाही ती. त्याच वर्षी तांबडी चामडी आलं, क्रेटेक्स आणि श्रेयसचं, ते तर इथल्याच स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं. डिस्कोत वाजतात तसले ठोके आणि त्यावर रांगडं मराठी. माझ्या ऑफिसातल्या पोरांना ते आधीच माहीत होतं, मला विचारायला आले की याचा अर्थ काय, आणि मला जो आनंद झाला तो अण्णा तुम्ही समजून घ्या. नाचायला भारी, ऐकत बसायला मला नाही जमत. पण सगळंच बसून ऐकायचं कशाला असायला हवं?

दुसरं पुस्तक राहिलं, ते मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते आईने आधी वाचायचंय. देविदास सौदागर यांचं उसवण. २०२४ चा अकादमीचा युवा पुरस्कार. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. छोट्या गावातला शिंपी, रेडीमेड कपडे आले, गिऱ्हाईक तुटलं, मशीन तेच, हात तेच, पण काम नाही. जाडजूड पुस्तक नाही, दोन दुपारीत होईल. आई, तू तुझ्या मशीनवर बसून आमच्या दोघींच्या फिया भरल्यास, फॉल-पिको आणि ब्लाउज करून, आणि मग कॉलनीत ती रेडीमेड ब्लाउजची दुकानं आली आणि तुझ्याकडे नुसती अल्टरची कामं यायला लागली, त्याबद्दल तू कधी एक शब्द बोलली नाहीस. मला वाचताना प्रत्येक पानावर तूच दिसत होतीस.

तर आई, वाचून झालं की मला एवढं कळव. मापं घ्यायचं, उधारीचं, दिवाळीच्या आधीच्या जागरणाचं जे लिहिलंय ते तुला खरं वाटलं का, आणि काही राहिलंय का त्यात, जे तुला माहितीये आणि त्यांनी लिहिलं नाही. अण्णांनी तोपर्यंत गोदावरी बघावा, ताई रविवारी येईल तेव्हा टीव्हीला लावून देईल. आणि अण्णा, नाही आवडला तर का नाही आवडला ते सविस्तर लिहा, फोनवर नको.

तुमची,
धाकटी