मिक्सर-गिझरवाल्या काकांना, कॉफी मशीनबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा सांगू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

आमचं जुनं एस्प्रेसो मशीन पहिल्यांदा तुमच्याकडे आणलं तेव्हा फारशी आशा नव्हती. मशीन इटलीचं आणि तुमच्या पाटीवर मिक्सर, गिझर, इस्त्री. तुम्ही झाकण काढलंत, आत डोकावलात आणि म्हणालात, "यात आहे काय? छोटा गिझर आणि एक पंप." पुढे थर्मोस्टॅट बदललात, गळणारं गॅस्केट बदललात, आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने धरलेला क्षार लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढून दाखवलात. आई त्या मशीनला इंजिन म्हणायची, आणि सकाळी त्याची घरघर ऐकू आली नाही तर "आज कोण आजारी?" असं विचारायची.

पण खरे आभार मानायचेत ते शेवटच्या खेपेसाठी. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉयलरला आतून खड्डे पडून तो झिरपत होता. मी म्हणत होतो, काहीतरी करा. तुम्ही म्हणालात, "डाग लावून देतो, पण टिकणार नाही. आता यात पैसे घालू नका." काम तुमचं, मजुरी तुमची, आणि तुम्हीच नको म्हणालात! वर तपासणीचेही पैसे घेतले नाहीत.

नवं घेताना मी तुम्हाला खोक्यांवरचे आकडे वाचून दाखवत होतो: १५ बार, २० बार. एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब पुरतो हे माहीत असूनही मोठ्या आकड्याचा मोह सुटत नाही. तुम्ही ते ऐकूनही घेतलं नाहीत. बॉयलर कशाचा आहे, झाकणाला स्क्रू आहेत की नुसतं खटक्यात बसवलेलं प्लास्टिक, आणि रबराची रिंग बाहेर मिळते का, एवढंच विचारलंत. त्यात टचस्क्रीनवाली सगळी गळाली. कॉफीच्या तयार कॅप्सूल घालायचं मशीन तर तुम्ही हातातही धरलं नाहीत.

शेवटी रॅन्सिलिओ सिल्विया घेतलं. ३०० मिलीचा पितळी बॉयलर, स्क्रीन वगैरे काही नाही. हे मॉडेल १९९७ पासून बाजारात आहे म्हटल्यावर तुम्ही मान डोलावलीत, "मग पार्ट मिळतील." जुन्याचं कॉफी भरून अडकवायचं हँडल नव्याला बसत नाही, खाचा वेगळ्या आहेत. पण बास्केट, म्हणजे हँडलमधली कॉफीची चाळणी, ५८ मिलिमीटरचीच, त्यामुळे ती आणि पूड दाबायचा टॅम्पर दोन्ही वापरात आहेत. जुन्यातला पंप तुम्ही काढून, चालवून बघून, पिशवीत बांधून दिलात, तो माळ्यावर जपून ठेवलाय. पाणीही तुम्ही सांगितलंत तसंच: बोअरचं बंद, नुसतं आरओचंही नाही, आरओमध्ये थोडं नळाचं गाळून मिसळतो.

कॉफी म्हणाल तर पहिले काही दिवस आंबट यायची. नव्याला तापायला जास्त वेळ लागतो, अर्धा तास आधी चालू करून ठेवलं की बरी येते. आईचं मत विचाराल तर आवाज कमी आहे, म्हणजे ताकद कमी असणार.

तुम्हाला ते आतून बघायचंय हे लक्षात आहे. पण वॉरंटी संपेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही, असं तुम्हीच बजावलंय. ती पुढच्या दिवाळीत संपते. भाऊबीज झाली की मशीन घेऊन येतो, चहा तुमच्याकडचाच.