वनमंत्री साहेब, यंदा रोपं नका पाठवू

मा. वनमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरचा. शहराच्या कडेला वनखात्याची एक टेकडी आहे, तिथं आम्ही रविवारी सकाळी काम करतो. आम्ही म्हणजे दोन रिटायर्ड मास्तर, एक मेडिकलवाला, वाळूजला नाइट शिफ्ट करून डायरेक्ट येणारी पोरं, आणि एक आजी, ज्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त झाडं ओळखता येतात. संस्था-बिंस्था काही नाही, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे नुसता.

पत्राचं कारण असं की पावसाळा आला की आम्हाला रोपं मिळतात, मागितली तरी अन् नाही मागितली तरी. आणि आम्हाला रोपं नको आहेत साहेब. एखादा म्हणंल येडे झाले काय हे लोक. पण आधी ऐकून घ्या.

२०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी, असे वृक्षलागवडीचे आकडे राज्याने बघितले, पुढं चौकशीला विधिमंडळाची समितीपण नेमली गेली. त्या राजकारणात मला पडायचं नाही. पण तारीख ठरली १ जुलै, आणि आमच्याकडं १ जुलैला कित्येकदा पेरण्यासुद्धा झालेल्या नसतात. शेतकरी वीतभर ओल बघितल्याशिवाय चाड्यावर मूठ धरत नाही, आणि आपण मात्र मुरमात खड्डा करून रोप लावतो, फोटो काढतो, अन् मग पंधरा-वीस दिवस पावसाचा खंड पडतो. उरलंसुरलं मार्च-एप्रिलमध्ये जातं, कारण इथं माणसांनाच पाण्याची मारामार. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं २०१६ साल आम्ही विसरलेलो नाही.

मग रविवारी आम्ही करतो काय? काढतो. घाणेरी, म्हणजे लँटानाचं काटेरी झुडूप, काढतो. अख्खा उतार तिनं खाल्लाय. वरवर कोयत्यानं छाटली की पहिल्या पावसात दुप्पट जोमानं फुटते, हे सगळ्यांना माहितीय तरी छाटणीचीच टेंडरं निघतात, कामून ते देव जाणे. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी जी पद्धत बसवली ती आम्ही वापरतो. खोडाच्या बुडाची माती सारायची, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्या खाली दोन बोटं मूळ तोडायचं, आणि अख्खं झुडूप उचलून मुळं वर करून उलटं ठेवायचं म्हणजे ते परत धरत नाही. वाचायला सोपं आहे, पण फांद्यांना बारीक काटे, हातमोज्यातूनबी ओरखडे येतात आणि तो उग्र वास आंघोळ केली तरी हाताला राहतो. फळं धरायच्या आत काढावी लागते, नाहीतर बुलबुल खातात आणि बी पार पलीकडच्या उतारावर नेऊन टाकतात.

पण गंमत पुढं आहे. झुडूप निघालं की खाली पळसाचे जुने बुंधे सापडतात, कुऱ्हाड खाऊन खाऊन जमिनीबरोबर झालेले, आणि एका पावसाळ्यात त्यांना गुडघ्याएवढे फुटवे येतात. हिवर येतो, बोर येते, सीताफळ तर न सांगता येतं. मुळं आधीच खोल गेलेली असल्यानं टँकर लागत नाही. आता सांगा, तिथं नर्सरीतलं पिशवीतलं रोप लावून काय करायचं?

गिरिपुष्प आणि सुबाभूळ कधीकाळी लावली गेली, त्याबद्दल तक्रार नाही, मुरमाड जमिनीवर लवकर हिरवं दिसायला पाहिजे होतं. पण आता ती झाडं बाकी कुणाला येऊ देत नाहीत, म्हणून तीबी काढायची आहेत. आणि इथं आमचं घोडं अडतं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ बघितलं तर राखीव वनात परवानगीशिवाय साधं काही तोडणं हासुद्धा गुन्हा आहे, आणि तो कायदा बरोबरच आहे, नाहीतर उद्या कुणीबी कुऱ्हाड घेऊन यायचा. म्हणून आम्ही परवानगी मागतो. एका ऑफिसात अर्ज दिला, साहेब चांगले होते, टेकडीवर येऊन बघूनही गेले, मग त्यांची बदली झाली आणि नवीन साहेबांनी विचारलं की तुमची संस्था रजिस्टर आहे का. झालं, परत पहिल्यापासून. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती तरी असते, गावकरी आणि खातं मिळून जंगल सांभाळणारी, शहरातल्या माणसानं कुणाच्या दारात जायचं? वनखात्याच्या स्वयंसेवकांच्या हरित सेनेत नाव नोंदवलं होतं आम्ही, त्याचं पुढं काय झालं कळलं नाही. निदान तीन वर्षं चालेल असं एकच परवानगीपत्र द्या, त्यात काय काढायचं आणि काय नाही ते झाडांच्या नावासकट लिहा, आणि वनरक्षकाला आमच्यासोबत उभं करा. चुकलो तर तो तिथंच थांबवंल.

दुसरं, गवताळ उताराला मोकळी जागा समजून तिथं जेसीबी घालू नका. पवन्या अन् कुसळी या गवतांच्या मधोमध चर मारून मुरूम वर आणला की त्यावर पहिलं काँग्रेस गवतच उगवतं, आणि चंडोल-तितर जातात ते वेगळंच. शहरात जंगल राखायची २०२० ची केंद्राची नगरवन योजना आहे, पुण्याच्या वारजेचं उदाहरण तेव्हा सगळ्यांना दिलं गेलं, तसा पैसा आमच्या टेकडीला आला तर आनंदच आहे. फक्त तो कमान, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंटात घालू नका. एक रात्रीचा वॉचमन द्या. रात्री पार्ट्या होतात, बाटल्या फुटतात, आणि उन्हाळ्यात एक बिडी सगळ्या फुटव्यांची राख करते.

वणव्याचा सीझन खात्याच्याच हिशोबानं १५ फेब्रुवारीला सुरू होतो. जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, त्याच्या आधी निघाली पाहिजे, माणसं आम्ही देतो, पण पट्टा आखून जाळायचं काम खात्याच्या माणसांशिवाय होत नाही आणि व्हायलाही नको. आत्ता नोव्हेंबर चालू आहे, गवत पिवळं पडायला लागलंय. तेवढं जाळरेषेचं आधी बघा साहेब, परवानगीपत्र दोन महिने लेट झालं तरी चालंल.

आपला,
टेकडीवरचा एक रविवारवाला