तपोवनातील फलक आणि रामकुंडाची पायरी : महिला व बाल विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
महिला व बाल विकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थ कुंभमेळा 2027 साठी शासकीय खर्चाने होणारी माहिती, प्रसिद्धी व घाटांवरील व्यवस्था यांत स्त्रियांशी होणारा भेदभाव टाळण्याबाबत.

सादर नमस्कार.

मी नाशिकच्या पंचवटीत जन्मलेली आणि याच शहरातील एका माध्यमिक शाळेत 31 वर्षे मराठी व संस्कृत शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आमच्या घरी रोज देवपूजा होते, चातुर्मासात पोथी वाचली जाते आणि पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी जाण्याची रीत तीन पिढ्या चालत आली आहे. हे आरंभीच सांगते, कारण धर्मातील स्त्रीच्या स्थानाविषयी कोणी बोलू लागले की बोलणारी बाई अश्रद्ध आहे किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून बोलते आहे, असे लोक धरूनच चालतात. मी श्रद्धेने बोलते आहे, आणि माझी तक्रारही त्या श्रद्धेतूनच आलेली आहे.

2 ऑगस्ट 2027 रोजी सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान आहे. रस्ते, पूल, घाट, साधुग्राम यांवर शासनाचा पैसा खर्च होतो, तसाच तो फलकांवर, माहितीपत्रकांवर, चित्रफितींवर आणि जाहिरातींवरही होतो. सिमेंट किती लागले याचा हिशेब कोणीतरी मागतेच. पण त्या फलकांवर स्त्रियांविषयी काय लिहिले आहे, आणि गोदावरीच्या काठावर स्त्रीला कोणत्या पायरीपर्यंत येऊ दिले जाते, याचा हिशेब मागणारे कोणी नाही. तो आपल्या विभागाने मागावा, यासाठी हे पत्र.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाची सहल घेऊन मी तपोवनात गेले होते. कपिला-गोदावरी संगमाजवळ लक्ष्मण शूर्पणखेचे नाक कापत असल्याचे रंगवलेले शिल्प आहे; नाशिकला येणारा जवळजवळ प्रत्येक यात्रेकरू ते पाहतो. 'नासिका' या शब्दावरून आमच्या शहराचे नाव पडले असे सांगतात ('नवशिखर' अशीही एक व्युत्पत्ती आहे, पण ती कोणाच्या लक्षात राहत नाही). तिथे एक गृहस्थ मुलांना माहिती सांगत होते. "हिने रामाला लग्नाचे विचारले, म्हणून लक्ष्मणाने हिचे नाक कापले," एवढ्या एका वाक्यात त्यांनी कथा संपवली. माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले, "बाई, नुसते विचारले म्हणून?" मी उत्तर देण्याआधीच ते गृहस्थ म्हणाले, "बाईच्या जातीने असे विचारायचे नसते." मुले हसली. परतीच्या बसमध्ये दोन मुलांनी त्या मुलीचे नाक चिमटीत धरले, आणि त्या दिवसापासून वर्गात तिचे नाव शूर्पणखा पडले. तास कोणताही असो, तिने हात वर केला की मागच्या बाकावरून ते नाव यायचे. मी मुलांना शिक्षा केली, त्यांच्या पालकांना बोलावले, तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या मुलीचा हात वर यायचा बंद झाला. प्रश्न विचारणारी मुलगी वर्गाला रोज मिळत नसते. म्हणून मला तो हात अजून आठवतो.

वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात, सतराव्या आणि अठराव्या सर्गांत, ही कथा अशी नाही. शूर्पणखा रामाला लग्नाची मागणी घालते. राम आपण विवाहित असल्याचे सांगून थट्टेने तिला लक्ष्मणाकडे पाठवतो. लक्ष्मण तशाच थट्टेने तिला पुन्हा रामाकडे पाठवतो. आणि मग ती चिडून सीतेला खाऊन टाकण्यासाठी धावते. तिला शिक्षा होते ती या हल्ल्यानंतर. इतकेच नव्हे, क्रूर लोकांशी कधी थट्टा करू नये, असे राम त्याच वेळी लक्ष्मणाला म्हणतो. शिक्षा क्रूर आहे आणि तिच्याविषयी वाद घालता येईल. पण हल्ला आणि थट्टा दोन्ही गाळून, मागणी घातली म्हणून नाक कापले, एवढेच सांगितले की कथेतला अपराधच बदलतो. इच्छा बोलून दाखवणे हा गुन्हा ठरतो. हा बदल आदिकवीने केलेला नाही; सांगणाऱ्यांनी केला आहे, आणि तो तपोवनात यात्रेकरूंच्या कानावर पडतो.

लक्ष्मणरेषेचेही तेच. वाल्मीकी रामायणात ती रेषा नाही. तरी सीता गुंफेसमोरच्या रांगेत आया आपल्या मुलींना ती सांगतात, आणि मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की तिने कोणती रेषा ओलांडली, याची चर्चा दूरचित्रवाणीवर सुरू होते. नवरात्रातील नऊ रंग तर वर्तमानपत्रांनी गेल्या दोन-अडीच दशकांत रुळवले. आज तो रंग न नेसलेल्या बाईला कार्यालयात कारण विचारले जाते. जे परंपरा म्हणून आमच्या माथी येते, ते पुष्कळदा परंपरेहून नवे असते, आणि तिच्याहून संकुचितही असते.

आता रामकुंडाविषयी. माझे वडील गेले तेव्हा आम्हा दोघी बहिणींखेरीज त्यांना मूल नव्हते. दहाव्या दिवशी आम्ही घाटावर गेलो. विधी सांगणाऱ्या गुरुजींनी आमच्याकडे पाहून विचारले, "घरात कोणी पुरुष नाही का?" धाकट्या बहिणीने सांगितले की ताई करणार आहे. "तसे चालत नाही," एवढेच उत्तर मिळाले. शेवटी सिन्नरहून आलेला चुलतभावाचा मुलगा बसला. दर्भाचे पवित्रक त्याच्या बोटात गेले, पण संकल्पात पूर्वजांची नावे घ्यायची वेळ आली तेव्हा तो गप्प झाला, कारण त्याने ती कधी ऐकलीच नव्हती. तीन पायऱ्या वर उभी राहून मी एकेक नाव सांगत होते आणि तो ते म्हणत होता. पुढे पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा मात्र गुरुजींनी मला हाक मारली : "काही इच्छा राहिली असेल, तुम्ही बोला." मी पुढे झाले आणि म्हणाले, "अण्णा, आईला मी सांभाळीन." नावे मी सांगितली, वचन मी दिले, आईला पुढे नऊ वर्षे मी सांभाळले, पिंड तेवढा माझ्या हाताचा चालला नाही.

हे शास्त्र आहे असे आम्हाला सांगण्यात आले. पण पुत्र नसल्यास श्राद्धाचा अधिकार कोणाकडे जातो, याचा जो क्रम निर्णयसिंधू व धर्मसिंधू यांसारख्या ग्रंथांत दिला आहे, त्यात पत्नी आणि कन्या आहेत. श्राद्धात आई, आजी आणि पणजी यांनाही पिंड दिला जातो. म्हणजे गेलेल्या स्त्रीला पिंड घेता येतो, आणि जिवंत मुलीने तो द्यायला हात पुढे केला की मात्र शास्त्र आड येते. त्र्यंबकेश्वरी पूर्वजांच्या शांतीसाठी होणाऱ्या नारायण-नागबलीची चौकशी करणाऱ्या एकट्या स्त्रीलाही हेच ऐकायला मिळते : हा विधी पुरुषाने किंवा जोडप्याने करायचा. ज्या रामकुंडावर आम्ही उभ्या होतो, ते 1696 मध्ये चित्रराव खटारकर यांनी बांधले आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी सुधारले, अशी नोंद आहे. त्या घाटाला एका स्त्रीचा पैसा चालला होता.

मंदिर प्रवेशाविषयी फार लिहीत नाही, कारण त्याचा कायदा स्पष्ट आहे. 1956 च्या महाराष्ट्र कायद्यानुसार हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानी कोणत्याही हिंदूला प्रवेश नाकारणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा स्त्रियांसाठीही लागू आहे, हे वदवून घ्यायला स्त्री-हक्क कार्यकर्त्या विद्या बाळ आणि वकील नीलिमा वर्तक यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, आणि 1 एप्रिल 2016 रोजी न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी शासनावर टाकली. त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वर देवस्थानने आधी गर्भगृह पुरुषांनाही बंद केले आणि नंतर स्त्रियांना सकाळी एक तास, ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्रात, प्रवेश देऊ केला. ज्या शहरात 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात स्त्रियाही पुढे होत्या, त्याच शहराच्या जिल्ह्यात 86 वर्षांनी हे घडले. सिंहस्थासाठी लागणाऱ्या फलकांमध्ये प्रत्येक मोठ्या मंदिराच्या दारी या कायद्याचा, शिक्षेसह, मराठी आणि हिंदी फलक असावा. 2015 च्या सिंहस्थात साध्वी त्रिकाल भवंता यांनी स्त्रियांच्या आखाड्यासाठी स्नानाची स्वतंत्र जागा व वेळ मागितली होती आणि ती मिळाली नाही. आखाड्यांची आपसांतली मान्यता हा त्यांचा प्रश्न असेल, पण घाट आणि वेळापत्रक प्रशासनाच्या हातात आहे.

प्रसिद्धिमाध्यमांविषयी मला अधिक काळजी वाटते. संध्याकाळच्या मालिकांत देवघरासमोर डोळे पुसणारी ती सून चांगली, आणि वाड्याच्या वाटणीत आपला हिस्सा मागणारी ती खलनायिका, असा साचा आमच्या मुली पाहत मोठ्या होतात. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली, हे त्या मालिका कधी सांगत नाहीत. वाहिन्यांवरील नियंत्रण मुख्यत्वे केंद्राकडे आहे, हे मी जाणते. पण सिंहस्थाची प्रसिद्धी राज्याची असेल. 2025 च्या प्रयागराज कुंभात माळा विकायला आलेल्या एका किशोरवयीन मुलीच्या डोळ्यांची चित्रे एवढी पसरली की लोकांच्या गर्दीमुळे तिला धंदा सोडून घरी परतावे लागले. स्नान करणाऱ्या स्त्रियांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकून विकल्या गेल्या आणि पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. त्यांतली प्रत्येक बाई देवासाठी आली होती. ओल्या लुगड्यात ती कोणाच्या तरी मोबाइलमध्ये जाईल, असे तिच्या मनातही नसेल. रामकुंडाजवळच्या गांधी तलावापासून खालच्या घाटांपर्यंत स्त्रियांच्या स्नानाच्या जागी चित्रीकरणाला पूर्ण बंदी असावी, तिथे महिला पोलीस असाव्यात, कपडे बदलण्याच्या खोल्या पायऱ्यांना लागून असाव्यात, आणि शासनाच्या स्वतःच्या जाहिरातींत भिजलेल्या स्त्रीचे एकही छायाचित्र नसावे.

शासनाने धर्माच्या बाबतीत बोलू नये, असे आपल्याला सांगितले जाईल. पण शासन बोललेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव आपल्याच शासनाने आणले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्त्रियांविषयीचे कोणते शब्द आणि गृहीतके न्यायाधीशांनी टाळावीत, याची पुस्तिका काढली. सिंहस्थाचे प्रत्येक पत्रक, फलक आणि ध्वनिक्षेपकावरील निवेदन छापण्या-बोलण्यापूर्वी त्याच कसोटीवर तपासण्याचे काम आपल्या विभागाने स्वतःकडे घ्यावे. रामकुंडावर मुलीला, पत्नीला विधी करू देणाऱ्या पुरोहितांची, आणि पुण्यातील ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांत शिकलेल्या स्त्री पुरोहितांची यादी घाटावरील माहिती केंद्रात ठेवावी. कोणावर सक्ती नको. ज्या मुलीला बसायचे आहे, तिला दहाव्या दिवशी दारोदार विचारत फिरावे लागू नये.

तपोवनातील शिल्प हलवावे, असे माझे म्हणणे नाही. त्याच्याशेजारी लावण्यासाठी मी एका फलकाचा मजकूर लिहून ठेवला आहे, तो असा : "शूर्पणखेने रामाला विवाहाची मागणी घातली. राम-लक्ष्मणांनी तिची थट्टा केली. ती संतापून सीतेवर धावून गेली, तेव्हा लक्ष्मणाने तिचे नाक व कान कापले. वाल्मीकी रामायणात ही शिक्षा हल्ल्यानंतरची आहे, विवाहाच्या मागणीची नाही." यातील शब्द विद्वानांकडून तपासून घ्यावेत आणि हवे तर बदलावेत; अक्षरे मात्र आठवीतल्या मुलीला रांगेतून चालता चालता वाचता येतील एवढी मोठी असावीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
पंचवटी, नाशिक.