कॉपीमुक्तीची सुरुवात नववीच्या प्रयोगवहीपासून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की भरारी पथके, बैठी पथके, केंद्राजवळची झेरॉक्स दुकाने बंद ठेवण्याचे आदेश, सगळे जोरात सुरू होते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात आणि तिथेही दर वर्षी ही धावपळ दिसते. ती हवीच. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात 1982 पासून स्वतंत्र कायदा आहे, मंडळाची शिक्षासूची आहे. पण दुसऱ्याचे बघून उतरवायची सवय मुलाला एकदम दहावीच्या पेपरात लागत नाही. आठवी-नववीतल्या प्रयोगवह्या, तयार प्रकल्प आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण यांतून ती अंगवळणी पडते, आणि तिथे पथक येत नाही.

प्रयोगवहीचेच बघा. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढायचा प्रयोग साधा आहे. खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा पडद्यावर स्पष्ट आणायची आणि भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजायचे. खरोखर मोजले तर तीन वेळची वाचने 10.2, 9.8, 10.1 सेंमी अशी थोडी इकडेतिकडे येतात. वह्या तपासायला घ्या, वर्गातल्या बहुतेकांची तिन्ही वाचने 10.0 असतात. कारण उघड आहे. साठ मुलांचा वर्ग, चार भिंगे आणि 35 मिनिटांची तासिका. मग फळ्यावर वाचने लिहून दिली जातात किंवा मागच्या वर्षीची वही फिरते. ‘उत्तर बरोबर आले पाहिजे’ एवढेच मूल शिकते. मोजायचे राहूनच जाते.

यावर उपाय खर्चाचा नाही. वर्गाचे गट पाडून प्रयोग दोन आठवड्यांत फिरता ठेवावा. 10, 15 आणि 20 सेंमी नाभीय अंतराची भिंगे घेऊन प्रत्येकावर फक्त क्रमांक चिकटवावा, यादी शिक्षकांकडे राहू द्यावी. शेजारच्या गटाचे उत्तर मग आपोआप निरुपयोगी ठरते. वाचने पेनानेच, वहीतच लिहायची. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, व्हाइटनर लावायचा नाही, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. तासिका संपण्याआधी शिक्षकांची तारखेसह सही व्हावी. गुण स्वतः घेतलेल्या वाचनांना आणि फरक का पडला हे सांगण्याला द्यावेत. उत्तर पुस्तकाशी जुळले म्हणून जादा गुण दिले, तर मुले आकडे जुळवणारच.

प्रकल्पांची गत याहून वाईट आहे. ‘जलप्रदूषण’ हा विषय दिला की स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रे, मजकूर आणि मुखपृष्ठासह तयार प्रकल्प घरी येतो, तोही बहुधा पालकच आणतात. विषय इतका अरुंद द्यावा की तो विकत मिळूच नये. आपल्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, बादली भरायला किती सेकंद लागतात, याची सात दिवसांची नोंद ठेव, असे सांगावे. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर किंवा सांगलीत कृष्णेच्या घाटावर शिक्षकांबरोबर जाऊन दिसले ते लिही, असेही चालेल. शेवटच्या पानावर आधार लिहायला लावावा: कोणाला विचारले, कोणते पुस्तक, कितवे पान, कोणते संकेतस्थळ, कोणत्या तारखेला पाहिले. मग दोन मिनिटांची तोंडी. ‘हा आकडा कुठून आणलास?’ आणि ‘हा परिच्छेद वही मिटून सांग.’ स्वतः काम केलेले मूल अडखळत का होईना, सांगते.

चॅटजीपीटीसारख्या साधनांवर सरसकट बंदी घालून आठवडाभरही टिकणार नाही. न कळलेला भाग समजून घ्यायला विचारावे, मिळालेला मजकूर आपला म्हणून वहीत उतरवू नये, आणि काय विचारले ते आधारात लिहावे, एवढा नियम पुरे. मजकूर यंत्राने लिहिला का हे ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र विसंबू नये, ती चुकतात. त्यांच्या भरवशावर एखाद्या मुलीवर आळ घेणे अन्यायाचे आहे. तिने वर्गात बसून लिहिलेला निबंध शेजारी ठेवावा आणि तिच्याशी बोलावे.

घटक चाचणीत मोबाइलपेक्षा वेळापत्रक जास्त घात करते. ‘अ’ तुकडीचा पेपर सोमवारी आणि ‘ब’चा मंगळवारी असेल, तर तो सोमवारी संध्याकाळीच व्हॉट्सॲपवर पोचतो. दोन्ही तुकड्यांना एकाच तासिकेला बसवावे, नाहीतर वेगळा संच काढावा.

कॉपी सापडली की आपल्याकडे हमखास होते ते म्हणजे आरडाओरडा, पेपर फाडणे आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात नाव पुकारणे. यातले काहीही करू नये. चिठ्ठी काढून घ्यावी, उत्तरपत्रिकेत त्या ओळीखाली रेघ मारून वेळ आणि सही टाकावी, मुलाला त्याच पेपरचा उरलेला भाग पुरवणीवर लिहू द्यावा. उरलेली मुले शांत राहतात आणि पुरावाही राहतो. त्याच दिवशी पर्यवेक्षकांसमोर मुलाचे म्हणणे त्याच्याच अक्षरात लिहून घ्यावे. पहिल्या वेळी तेवढा भाग शाळेत बसवून पुन्हा लिहून घ्यावा. दुसऱ्या वेळी त्या भागाला शून्य आणि पालकांची भेट. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक-शिक्षक संघाचा एक प्रतिनिधी यांनी मिळून निर्णय घ्यावा. नोंदवही कुलपात ठेवावी. वही देणाऱ्यालाही जबाबदार धरावे, पण आधी त्याला एकट्याला बोलावून विचारावे. पुष्कळदा त्याच्यावर दमदाटी झालेली असते, आणि तसे असेल तर तो वेगळा आणि जास्त गंभीर प्रश्न आहे.

हे सगळे एका पानात, मुलांना कळेल अशा मराठीत मावते. गणिताची रीत मित्राकडून समजून घेणे चालेल, त्याची वही समोर ठेवून उतरवणे चालणार नाही, अशी दोन्हीकडची उदाहरणे त्यात असावीत. नुसते ‘प्रामाणिक राहा’ लिहून मुलाला रेघ कुठे आहे ते कळत नाही. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत हे पान वाचून विद्यार्थी, पालक आणि वर्गशिक्षक अशा तिघांच्या सह्या घ्याव्यात.

वर्गशिक्षकांची सही आम्ही मुद्दाम म्हणतो. शंभर टक्के निकालाचा फलक लागावा म्हणून सगळ्यांना 20 पैकी 20 देणे हीही फसवणूकच आहे, आणि मुले ती बरोबर ओळखतात. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणणारी रयत शिक्षण संस्था कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले गावी काढली. इथल्या शाळांना हे जड जाऊ नये. सातारा आणि सांगलीच्या शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती अशी, की ज्या शाळेत अंतर्गत गुण सरसकट 18 च्या वर आणि त्याच मुलांचे लेखी गुण 80 पैकी पंचविशीत, तिथल्या गुणांच्या नोंदी मंडळाकडे जाण्याआधी मागवून तपासाव्यात.

आपले,
काही माध्यमिक शिक्षक, सातारा