आवाहन : नेव्हिगेटर कपूर यांच्या स्मृतिफलकासाठी

स.न.वि.वि.

21 सप्टेंबर 1965ची रात्र. पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावरची मोहीम करून परतणाऱ्या आपल्या एका कॅनबेरा बाँबफेकी विमानाला पाकिस्तानच्या एफ-104 या लढाऊ विमानाने गाठलं आणि क्षेपणास्त्र डागलं. वैमानिक इजेक्ट झाले, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर फेकले गेले, वाचले, युद्धकैदी झाले. विमानाचा मार्ग आखणारे नेव्हिगेटर कपूर विमानाबरोबरच गेले. युद्धबंदी झाली 23 तारखेच्या पहाटे.

एक वाचला आणि एक गेला, हा नशिबाचा खेळ नव्हता. त्या प्रकारच्या कॅनबेरात, म्हणजे बी(आय)58मध्ये, इजेक्शन सीट फक्त वैमानिकाला असायची. नेव्हिगेटर पुढे नाकाच्या पोकळीत, छोट्या टेबलाशी. बाँब टाकायची वेळ आली की तिथेच पालथं पडून काचेतून खाली बघायचं. विमान पेटलं तर पॅराशूट छातीला अडकवायचं, सरपटत उजव्या बाजूच्या दारापर्यंत यायचं आणि उडी मारायची. हे सगळं अंधारात, गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानात. हे ठाऊक असूनच ही मुलं रोज रात्री आत शिरत होती.

तेव्हा जीपीएस नव्हतं. नकाशा, पेन्सिल, कोनमापक, स्टॉपवॉच आणि वाऱ्याचा हिशेब करायची गोल फिरती पट्टी, एवढ्यावर काम चाले. दिशा एका अंशाने चुकली तर 60 मैलांत विमान 1 मैल बाजूला जातं. हे गणित ज्याच्या डोक्यात, त्याच्या हाती विमान.

‘पण फलक पुण्यात का?’ असा प्रश्न आमच्या वाचनालयाच्या सभेत आलाच. 18 डिसेंबर 1961ला गोव्यातल्या दाभोळी धावपट्टीवर बाँब टाकायला 12 कॅनबेरा निघाली ती आपल्या लोहगावहून. कॅनबेरा 2007पर्यंत हवाई दलात होतं. त्यात बसलेली, त्याची निगा राखलेली कितीतरी माणसं विश्रांतवाडी, धानोरी, येरवड्याच्या बाजूला राहिली, अजूनही राहतात. वैमानिकांची नावं आपल्याला पाठ असतात. नेव्हिगेटरचं एखादं तरी आठवतं का बघा. कपूर यांची तर आद्याक्षरंसुद्धा छापील मजकुरांत निरनिराळी दिसतात. म्हणून हवाई दलाकडून लेखी खातरजमा झाल्याशिवाय फलकावर अक्षर कोरायचं नाही, असं ठरलं आहे.

वाचनालयाच्या दर्शनी खोलीत काळ्या दगडाचा फलक आणि शेजारी कॅनबेराच्या नाकाची उभी चिरलेली लाकडी प्रतिकृती ठेवायची आहे. नेव्हिगेटर कुठे बसायचा आणि दार किती लांब होतं, हे शाळेतल्या पोरांना हात लावून कळावं, एवढाच उद्देश. सुतार ओळखीचा आहे, मजुरी घेणार नाही म्हणतो. तरी दगड, कोरीवकाम, लाकूड, काचेची पेटी मिळून 70,000 रुपये लागतील. कार्यकारिणीच्या सभासदांनी पदरचे 18,000 घातले आहेत. उरलेले तुमच्याकडून हवेत. रक्कम कितीही चालेल. पावती लगेच मिळेल, हिशेब सूचनाफलकावर लागेल. 80जीची करसवलत मात्र नाही, ते आधीच सांगून टाकतो. मोठ्या देणगीदारांची नावं खाली कोरावीत अशी एक सूचना होती, ती आम्ही मानली नाही. फलकावर नाव एकच राहील.

पैशांपेक्षाही अवघड मागणं पुढेच आहे. तुमच्या घरात कुणी नेव्हिगेटर असेल, ग्राउंड क्रूमध्ये असेल, तर माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. लॉगबुक, फोटो, ती गोल पट्टी, पत्रं, काहीही. स्कॅन करून त्याच आठवड्यात परत देऊ. कपूर यांच्या नातलगांना कुणी ओळखत असेल तर त्यांच्यापर्यंत आमचा निरोप पोचवा. त्यांच्या संमतीशिवाय कार्यक्रमाची पत्रिका छापणार नाही.

पावतीपुस्तक रोज संध्याकाळी 6 ते 8 देवघेवीच्या खिडकीपाशी असेल. जुना नकाशा सापडला तर तो साफसूफ करून आणू नका. वरच्या पेन्सिलीच्या रेघाच आम्हाला हव्या आहेत.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी