त्या फोटोतल्या मेंढरांबद्दल

संपादक साहेब,
स.न.

परवा आपल्या पेपरात आतल्या पानावर फोटो होता, रस्ताभर मेंढरं, मागं गाड्यांची रांग आणि खाली ओळ काय तर 'मेंढ्यांमुळे वाहतुकीचा खोळंबा'. बास, एवढंच. कुणाची, कुठून आली, कुठं चालली, एक शब्द नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहावं, छापा नाहीतर नका छापू.

मी मावळातला, दीड एकर इंद्रायणी भात. दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं की आम्ही धनगराच्या वाड्याची (मेंढरांसकट फिरणाऱ्या बिऱ्हाडाची) वाट बघतो, म्हणजे आता वाट कसली, दसऱ्यातच मोबाईल वाजतो, "पाव्हणं, यंदा किती राती बसवायची?" ही मंडळी फलटण, माण, खटाव तिकडची. पाऊस संपला की तिकडं चारा आटतो म्हणून मेंढरं घेऊन इकडं येतात, काही तर घाट उतरून पार कोकणात, आणि मृगाच्या आत माघारी, कारण आपली काळी दख्खनी मेंढी इकडच्या पावसात टिकत नाही, चिखलात खुरं सडतात.

आधी घोडी येतात, बायामाणसं हाकत. घोडीवर भांडी, पिठाचं गठुडं, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर दोन दिवसांचं कोकरू, नुसतं डोकं बाहेर. मेंढरं मागून चरत चरत दिवस मावळता येतात. खाचरात खुंट्या ठोकून वाघर लावतात, जाळीच ती, आणि आत सगळा कळप कोंडून बसवतात. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात. लेंडी आणि मूत जागच्या जागी मातीत जातं, खुरांनी तुडवलं जातं, वाहतूक नाही की पसरायची मजुरी नाही. पुढच्या पावसाळ्यात बांधावर उभं राहिलं तर वाघर कुठवर होती ते भाताच्या रंगावरून कळतं, अगदी रेघ मारल्यासारखं. युरियाचा हिरवा रंग पंधरा दिवसात उतरतो, हा नाही उतरत. आजोबा याचा मोबदला पायलीनं भात द्यायचे, आम्ही रोख देतो आणि वर थोडा तांदूळ, तो त्यांच्या बायका हक्कानं मागून घेतात.

लोकरीचं मात्र वाईट झालंय. वर्षातून दोनदा कातरावीच लागते पण कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही म्हणे, बांधावर टाकून दिलेली मी स्वतः बघितलीय. आमच्या वडिलांची घोंगडी अजून आहे, पावसात भिजली की तिला चिंचोक्याच्या खळीचा वास सुटायचा, तो ज्याला माहितेय त्यालाच माहितेय.

आणि रात्री जेवणं झाली की ओव्या. एक म्हातारबाबा यायचे, "सुंबरान" (देवाचं स्मरण) म्हणून सुरू केलं की बिरोबा, म्हस्कोबा अशा त्यांच्या देवांच्या गोष्टी करत करत मध्यरात्र. खंडोबा बाणाईसाठी तिच्या बापाकडं मेंढरं राखायला राहिला, धुवायला दिली तर सगळी आपटून मारली आणि लग्नाच्या अटीवर परत जिवंत केली, हे त्यांच्या तोंडून ऐकावं. खंडेराया जिथं चाकरीला राहिला त्या मेंढरांना आपण कोंडीचं कारण म्हणून छापतो. वारीत काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढरांचं रिंगण होतं, तेव्हा सगळे पेपर पहिल्या पानावर फोटो टाकतात बरं का, तेव्हा खोळंबा नसतो.

आमची नात इंग्रजी शाळेत जाते, काळ्या मेंढीचं इंग्रजी गाणं तोंडपाठ. खाचरातली खरी काळी मेंढी दाखवली तर म्हणाली, "आजोबा, बकरी!" तिचं तरी काय चुकलं, पुस्तकातली मेंढी कापसासारखी पांढरी असते. आणि ते 'मेंढरासारखे मागे जातात' म्हणायचं पण थांबवा राव, अग्रलेखात पण असतं. कळपात धनगर दोन-चार शेळ्या ठेवतो, बऱ्याचदा पुढं त्याच असतात, मेंढरांना नावं ठेवणारांनी निदान पुढं कोण आहे ते तरी बघावं.

आता मुद्द्याचं. तो रस्ता मोठा झाला तेव्हा मधे डिव्हायडर घातला, मेंढरांनी पलीकडं जायचं कुठून ते कुणी बघितलं नाही. पूर्वी पाच मिनिटात कळप पार व्हायचा, आता कट मिळेपर्यंत किलोमीटरभर डांबरावरूनच न्यावा लागतो, मग खोळंबा होणारच की. त्यात मागून हॉर्न. हॉर्न वाजला की कळप फुटतो, दोन इकडं दहा तिकडं, आणि गोळा करण्यात अजून वेळ. गाडी बंद करून गप बसलं तर लवकर सुटते, माझा अनुभव.

आमच्याकडं यंदा पाच रात्री ठरल्यात. तुमच्या फोटोग्राफरला पाठवा, पण पहाटे, वाघर उठायच्या आत. चहा मेंढीच्या दुधाचा मिळेल, दाट असतो, साखर कमी सांगावी.

आपला,
एक भात-शेतकरी, मावळ